एमडी म्हणजे कुठला आजार?

हॅकेथॉनला, म्हणजे दोन दिवस एकत्र बसून सॉफ्टवेअर करायच्या मेळाव्याला, याल का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. लॅपटॉपवर स्टिकरं चिकटवलेली, कानात हेडफोन घातलेली तरुण पोरं, एवढंच त्या शब्दाने माझ्या डोळ्यांसमोर यायचं. मी नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. वय पन्नाशीच्या पुढे. एक्सेलची शीट फिल्टर करायची म्हटलं तरी भाचीला फोन करावा लागतो. पण हे सगळं जमवून आणणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी होती, आता पुण्यात संशोधन करते. ती म्हणाली, "मॅडम, कोड लिहिणारे भरपूर आलेत. औषधातलं कळणारं माणूस कमी पडतंय." मग गेले, जागाही नाशिकमध्येच होती.

कल्पना चांगली होती. एकेका आजारावर जगभर इतके शोधनिबंध लिहिले जातात की ते सगळे वाचणं कुणालाच शक्य नसतं. एकाने एका जनुकाबद्दल काही शोधलेलं असतं, दुसऱ्याने भलत्याच देशात एखाद्या जुन्या औषधाचा त्याच जनुकावर होणारा परिणाम पाहिलेला असतो, आणि या दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही. तर ती गाठ संगणकाने घालून द्यायची. निबंधांतून आजारांची, औषधांची, जनुकांची नावं वेचायची, प्रत्येकाचा एक ठिपका करायचा, आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध लिहिलेला आहे त्यांच्यात रेष ओढायची. असा एक मोठा नकाशा. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं. प्रत्येक टेबलाने आपला तुकडा करायचा, शनिवारी दुपारपासून तुकडे एकमेकांना जोडत जायचे आणि रविवारी पूर्ण नकाशा पडद्यावर दाखवायचा.

आमच्या टेबलावर आम्ही तिघं होतो. मी, माझी विद्यार्थिनी आणि पिंपळगाव बसवंतहून आलेला एक प्रोग्रामर. चाळिशीचा, शांत माणूस. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान मालकाला मोबाइलवर दिसावं, असलं सॉफ्टवेअर तो बनवतो. सकाळी ओळखी करून घेताना प्रत्येक जण आपण का आलो ते सांगत होता. कुणाला शिकायचं होतं, कुणाला मित्राने ओढून आणलं होतं. हा उठला आणि म्हणाला, "माझ्या मुलीला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. चौथीत आहे ती. म्हणून आलो." आणि खाली बसला.

या आजारात स्नायू हळूहळू झिजत जातात. आधी पळणं बंद होतं, मग जिने, मग उभं राहणं. तो कामात मात्र याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पटापट टाइप करायचा, मध्येच विचारायचा, "मॅडम, हे आणि हे एकच औषध का?" मी हो किंवा नाही म्हणायचे. सकाळ छान गेली.

जेवणानंतर मला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं. तिथे मधुमेहाच्या औषधांवर काम करणाऱ्या मुलांचा कंपन्यांनी गोळ्यांना दिलेल्या नावांमध्ये गोंधळ झाला होता. तो निस्तरायला मला बराच वेळ लागला. खाली आले तर आमच्या टेबलाभोवती चार-पाच जण उभे होते आणि माझ्या विद्यार्थिनीचा चेहरा फुलला होता.

"मॅडम, बघा! शेजारच्या टेबलाचा तुकडा जोडला आणि हे आलं."

पडद्यावर एक जाड निळी रेष होती. रेष जितकी जाड तितके तो संबंध सांगणारे निबंध जास्त, असं आमचं ठरलं होतं. रेषेच्या एका टोकाला 'एमडी' असा ठिपका होता. दुसऱ्या टोकाला होती एक जुनी, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोळी. चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर सर्रास लिहून देतात ती.

ही गोळी मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. कानाच्या आतल्या भागाच्या एका विकारात ती देतात. त्या विकाराला ज्या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे, त्याचं इंग्रजी आद्याक्षर एम. पुढे डिसीजचा डी. त्याचंही लघुरूप एमडीच. आमच्या टेबलाच्या यादीत एमडी म्हणजे स्नायूंचा आजार होता. शेजारचं टेबल कान-नाक-घशाचं, त्यांच्या यादीत एमडी म्हणजे कानाचा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. याद्या जोडताना संगणकाला दोन एमडी दिसले, त्याने त्यांचा एकच ठिपका करून टाकला.

मी हे सांगितलं तेव्हा विद्यार्थिनीचा चेहरा खर्रकन उतरला. मी विचारलं, "ते कुठे आहेत?" प्रोग्रामरची खुर्ची रिकामी होती.

तो व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा होता. डोळे लाल होते. मला पाहून हसला. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते पाहवेना.

"मॅडम, पाहिलंत?"

मी त्याला सांगितलं. उभ्या उभ्या, सरळ सांगितलं. यात गोड करून सांगण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरून उभा राहिला.

"काय झालं?"

"मी बायकोला फोटो पाठवला त्याचा. म्हटलं, ही तर आईची गोळी. घरातच आहे."

"मुलीला द्यायला सांगितलंत?"

"नाही... तसं नाही लिहिलं. पण देऊ नको असंही नाही लिहिलं."

बायकोचं उत्तर आलेलं होतं. एकच शब्द, 'बघते'. त्यानंतर त्याने फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. ती द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करते, तो म्हणाला, दुपारची पाळी असते, फोन गेटवर जमा करून घेतात. घरी मुलगी आणि त्याची आई. आईला कमी ऐकू येतं, फोन वाजला तरी कळत नाही.

मी मनातल्या मनात हिशेब करत होते. एका गोळीने बहुतेक काही होणार नाही. बहुतेक. लहान मुलांना ती देत नाहीत, पण विषही नाही. मी विचारलं, "तिला आणखी काही त्रास? दमा वगैरे?"

"थंडीत होतो. पंप आहे तिचा. मागच्याच महिन्यात ॲडमिट होती."

दमा असलेल्याला ही गोळी जपून द्यावी लागते, श्वासनळ्या आवळण्याची भीती असते. आणि ज्या मुलीचे छातीचे स्नायूही थोडेफार दुबळे झाले असतील, तिच्या बाबतीत मला 'बहुतेक' या शब्दावर बसून राहायचं नव्हतं. मी म्हटलं, "चला, माझी गाडी आहे."

विद्यार्थिनी पायऱ्यांपर्यंत धावत आली. "मॅडम, सगळ्या टेबलांनी ही जोडणी उतरवून घेतलीय. काय करू?"

"थांबव सगळ्यांना," मी म्हटलं, आणि गाडी काढली.

द्वारकाच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती. तो शेजारी बसून फोन लावत होता, ठेवत होता, लावत होता. आडगाव गेल्यावर रस्ता जरा मोकळा मिळाला. ओझरच्या पुढे द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो एकामागे एक लागले होते, ओव्हरटेक करायला जागा नव्हती. मी एरवी सावकाश गाडी चालवणारी बाई. त्या दिवशी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

मध्येच तो म्हणाला, "तिचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, काळजी घ्या. त्यावर आम्ही दोघं एकदाही बोललो नाही. आज पहिल्यांदा बायकोला काहीतरी चांगलं कळवलं."

मी गिअर बदलला आणि टेम्पोच्या मागून गाडी बाहेर काढली.

घर गावाच्या कडेला, नव्या कॉलनीत. तो गाडी थांबायच्या आधीच उतरून धावला. मी आत गेले तेव्हा तो आईसमोर वाकून मोठमोठ्याने विचारत होता, "आई, पोरीला गोळी दिली का?"

म्हातारी भांबावली होती. "दिली ना."

"कुठली?"

"आता मला काय नाव वाचता येतंय? सुनबाईनं जाताना वाटीत काढून ठेवली व्हती. म्हनली, चार वाजता द्या. दिली."

"तुमची चक्करची गोळी होती का ती?" मी विचारलं.

"काय?"

"तुमची! चक्करची!"

"माझी सांजच्याला असती."

त्याने फळीवरचा औषधांचा डबा काढून पलंगावर उपडा केला. त्यात कॅल्शियम होतं, तापाचं औषध होतं, मुलीचा पंप होता, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या होत्या. चक्करच्या गोळ्यांचं पाकीट नव्हतं. त्याने डबा पुन्हा पाहिला, फळीवर हात फिरवला. पाकीट घरात कुठेच नव्हतं.

मुलगी खिडकीशी बसून रंगवत होती. दोन वेण्या, अंगात शाळेचाच युनिफॉर्म. मी तिच्याजवळ खाली बसले.

"आजीने गोळी दिली ती कशी होती गं?"

"पांढरी."

"चघळायची होती का?"

"मी गिळली." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही, शिक्षिका."

तिची कॅल्शियमची गोळीही पांढरीच होती. मी तिच्या पाठीला कान लावला. मी डॉक्टर नाही, पण दम्याची शिट्टी मला ओळखू येते, माझ्या वडिलांना होता. शिट्टी नव्हती. श्वास जरा जोरात वाटला, पण तो भीतीने वाटला असेल, तिच्या किंवा माझ्या. मी म्हटलं, "हिला गाडीत घ्या. पंपही घ्या. आधी तिच्या आईला विचारू, पॅकहाउस दवाखान्याच्या वाटेवरच असेल ना? शंका असली तर तिथूनच दवाखाना."

तिला उचलून घेण्याआधी ती स्वतः उठायला लागली. दोन्ही हात आधी जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असे हात एकेक टप्पा वर चढवत ती स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहिली. पुस्तकात या उठण्याचं चित्र असतं, आणि ते मी अनेकदा फळ्यावर समजावलेलं आहे. प्रत्यक्षात ते पाहायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. बापाने मध्ये हात घातला नाही, एवढ्या घाईतही नाही. ती उभी राहिल्यावर मग उचललं.

पॅकहाउसच्या गेटवर रखवालदार ऐकेना. पाळी सुटल्याशिवाय आत निरोप जात नाही म्हणाला. प्रोग्रामरचा आवाज चढला, मग फुटला. त्याला तसा पाहून रखवालदारच घाबरला असावा, तो आत गेला. आम्ही गेटबाहेर उभे. गाडीत मुलगी मागच्या सीटवर, काच खाली करून टेम्पो बघत बसलेली. मी मिनिटामिनिटाला तिच्या छातीकडे बघत होते.

त्याची बायको बाहेर आली ती डोक्याला टोपी, अंगात पांढरा ॲप्रन, हातातले मोजे काढत. नवऱ्याकडे न बघता तिची नजर थेट गाडीतल्या मुलीवर गेली आणि ती पळत सुटली.

"काय झालं तिला?"

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला. "तू तिला आईची गोळी दिलीस का? वाटीत काय ठेवलं होतंस?"

"कॅल्शियम. रोजचं."

"आणि आईच्या गोळ्यांचं पाकीट कुठंय?"

"माझ्या पिशवीत." ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "तुमचा मेसेज मी आईंना वाचून दाखवला. मग वाटलं, मी गेल्यावर त्या मायेनं एखादी देऊन बसतील. म्हणून घेऊनच आले. सोमवारी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देईन का? तुम्हाला काय वाटलं?"

तो गेटच्या खांबाला धरून खाली बसला. उकिडवा बसला आणि तोंड हातात घेतलं. मी गाडीला टेकले.

मग तिने मला विचारलं, नवऱ्याला नाही. "ताई, तुम्ही त्यांच्याबरोबरच्या ना? म्हणजे ती गोळी तिला चालणार नाही का?"

"नाही. ते दुसऱ्याच आजाराचं होतं. नाव सारखं आलं म्हणून चूक झाली."

"म्हणजे तिच्यासाठी काही नाही."

"आत्ता तरी नाही."

ती गाडीपाशी गेली, मुलीच्या कपाळावरचे केस मागे केले, काहीतरी विचारलं, मुलगी हसली. परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "पाकीट आतून पाठवते. आईंना संध्याकाळची द्यायला विसरू नका." टोपी सारखी केली, मोजे चढवले आणि गेटातून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

रविवारी तो येणार नाही असं मी धरून चालले होते. मी हॉलमध्ये पोचले तेव्हा तो बसलेला होता, दाढी न केलेली. माझ्या विद्यार्थिनीची आणि कान-नाक-घशाच्या टेबलाची चांगलीच जुंपली होती. त्यांचा म्होरक्या एक हुशार, तापट मुलगा होता. "आमची यादी बरोबर आहे, आम्ही का बदलायची?" असं त्याचं म्हणणं. संयोजकांपैकी एक जण म्हणत होते की एक रेष पुसा आणि पुढे चला, दुपारी पाहुणे येणार आहेत, पडदा रिकामा ठेवायचा का?

"एकच रेष आहे कशावरून?" प्रोग्रामर म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. त्याने काल काय घडलं ते सांगितलं. मेसेज, बंद फोन, गेट. बायकोबद्दल, मुलीबद्दल विशेष काही नाही. शेवटी म्हणाला, "मी रोज कोड लिहितो. चुका होतात हे मला माहीत आहे. तरी मी तो फोटो पाठवला. आपला नकाशा उद्या माझ्यासारखेच लोक बघणार आहेत."

तापट मुलाने स्वतःची खुर्ची उचलून आमच्या टेबलाशी आणली आणि म्हणाला, "लघुरूपं सगळी काढा बाहेर. मी वाचतो."

ती दुपार त्यातच गेली. लघुरूप दिसलं की मूळ वाक्यापर्यंत जायचं, पूर्ण नाव शोधायचं, ते सापडेपर्यंत जोडायचं नाही. इतर टेबलंही एकेक करून त्यात आली. असे चुकून एक झालेले आजार बरेच निघाले, काही तर मला पाहूनही पटकन कळले नसते. पाहुण्यांसमोर पडद्यावर आला तो नकाशा विरळ होता. शनिवारी त्यावर जितक्या रेषा होत्या त्यातल्या कितीतरी गळल्या होत्या. एक पाहुणे माझ्या कानाशी म्हणाले, "दोन दिवसांत एवढंच?" मी हो म्हटलं.

ते काम पुढे चालू राहिलं, आजही चालू आहे. तो प्रोग्रामर त्यात आहे, तापट मुलगाही आहे, अधूनमधून माझ्याकडे शंका येतात.

पुढे मार्चमध्ये मी त्यांच्या घरी गेले होते. मुलीने फोनवर बोलावलं होतं, तिच्या शाळेत चित्राचं प्रदर्शन होतं. प्रदर्शनानंतर तिच्या आईने चहा केला. आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही दोघं गेटवर यायच्या आधी मी फार आनंदात होते. हात आपोआप चालत होते, घड लावत होते, आणि डोळ्यांपुढे पोरगी सायकल चालवत होती. कॉलनीच्या रस्त्याने. मी म्हणत होते, अगं हळू."

मी कप पुढे सरकवले.

"राग नाही कुणाचा," ती म्हणाली. "पण असा फोटो परत पाठवू नका म्हणावं यांना. खरं असेल तेव्हा घरी येऊन सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

तिने कपात चहा ओतला. बाहेरून मुलीने हाक मारली, कुणीतरी तिला खुर्चीवरून उठायला हात द्यायला हवा होता. आई गेली नाही. तिने मान वळवून जरा वेळ वाट पाहिली. मग बाहेरून मुलीचा आवाज आला, "उठले मी." आणि आम्ही चहा घेतला.